तुमच्या गावाला कोणता चित्रपट तोंडपाठ आहे?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. गेल्या पंधरवड्यात आमच्या शेतात कापसाची पहिली वेचणी झाली. सीतादहीचा नैवेद्य झाल्यावर बाया तासांत, म्हणजे कपाशीच्या ओळींत, शिरल्या. एरवी ज्या वेळी त्यांच्या गप्पांना ऊत येतो, त्या वेळी त्या सगळ्या गप्प होत्या आणि मधूनच एकदम खळखळून हसत होत्या. मधल्या तासातल्या बाईच्या पिशवीत मोबाइल होता आणि त्यावर दोन मुलांचा एक विनोदी पॉडकास्ट चालू होता. लग्नातल्या पंगतीत वाढपी नेमका आपल्यापाशी येऊन कसा वळतो, यावर ती दोघे बोलत होती. तिसऱ्या दिवशी बायांनी तोच भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि या खेपेला विनोद येण्याआधीच त्यांनी तो स्वतः म्हणून टाकला. ते ऐकून मी वेचता वेचता थांबले, कारण ते हसणे माझ्या ओळखीचे होते.

१९९५ च्या गणेशोत्सवात आमच्या गावाने वर्गणी काढून तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. त्या रात्रीच्या तीन कॅसेटींपैकी दुसरी 'झपाटलेला'ची होती. मी तेव्हा दहा वर्षांची होते. तात्या विंचूचा तो बाहुला पाहून आम्ही पोरे एकमेकांना इतकी बिलगून बसलो होतो की कुणाचा हात कुणाच्या हातात आहे हेही कळत नव्हते. शेवटचा भाग सुरू झाला आणि वीज गेली. तासभर वाट पाहिली तरी ती आली नाही. तेव्हा आमच्या शेजारचे काकाजी, जे तालुक्याच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) कामाला होते, उठून बंद टीव्हीशेजारी उभे राहिले आणि आपण हा चित्रपट टॉकीजमध्ये पाहिला आहे असे सांगून त्यांनी कंदिलाच्या उजेडात पुढची कथा सांगितली. बाहुला पळता पळता जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या गंजीत पडतो, रेच्यातून (सरकी काढण्याच्या यंत्रातून) त्याच्या चिंध्या होऊन बाहेर येतात, त्या प्रेसमध्ये दाबल्या जातात, आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली ती गाठ मालगाडीतून मुंबईच्या गिरणीत जाते.

पुढे बारा वर्षे मी हाच शेवट खरा मानत होते. २००७ मध्ये वसतिगृहात टीव्हीवर तो चित्रपट पाहिला, तेव्हा बाहुल्याच्या भुवयांच्या मधोमध गोळी लागलेली पाहून मी मैत्रिणींशी वाद घातला होता. आमच्या गावात मात्र आजही लहान मुलांना गाठीचाच शेवट सांगितला जातो.

माझा प्रश्न असा आहे की, तुमच्या गावाला असा कोणता चित्रपट, कोणती मालिका तोंडपाठ आहे आणि ती तशी कशामुळे झाली? आणि आता जो तो आपापल्या कानात आपापला पॉडकास्ट ऐकत असताना एखादा पॉडकास्ट असा सगळ्या गावाचा होऊ शकेल का? आमच्या तासात मला तसे काही होताना दिसले, पण ते तेवढ्यापुरतेच होते की काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

कापूसकोंड्या (मूर्तिजापूर)

ताई, गाठीचा शेवट मला मूळ शेवटापेक्षा अधिक आवडला.

आमच्या गावाचे उत्तर सरळ आहे. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' आमच्याकडे आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाला पाठ आहे. मला वाटते याचे मोठे श्रेय वसंत सबनीस यांच्या संवादांना आहे, कारण ते संवाद चित्रपटाबाहेर काढून रोजच्या जगण्यात जसेच्या तसे वापरता येतात. उसने पैसे बुडाले की आमच्याकडे मधुमेहाच्या औषधाच्या त्या सत्तर रुपयांची आठवण निघते, आणि ज्याने पैसे बुडवले तोही हसतो, त्यामुळे भांडण होता होता राहते. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात परगावचा एक पाहुणा मांडवाच्या दारात येऊन अगदी साधेपणाने विचारू लागला की अमुक गृहस्थ इथेच राहतात का, आणि पंगतीला बसलेल्या शंभर माणसांनी एका सुरात त्याला उत्तर दिले. तो बिचारा घाबरला. नंतर कारण कळले तेव्हा तोही पोट धरून हसला, आणि जेवण होईपर्यंत तो आमच्या घरचाच झाला होता.

या चित्रपटाची आम्ही वर्षातून दोन पारायणे तरी करतो.

अंबानगरी (अमरावती)

चर्चा सुंदर सुरू झाली आहे, पण कापूसकोंड्यांशी माझा मतभेद आहे. 'बनवाबनवी' पहिल्या दिवसापासून लोकप्रिय होता. ज्याला कल्ट म्हणतात तो चित्रपट आधी नाकारला गेलेला असतो, आणि मग मूठभर लोक त्याला उरापाशी धरून जगवतात. १९९४ चा 'अंदाज अपना अपना' चित्रपटगृहांत फारसा चालला नव्हता. केबलवर आणि टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांनी तो मोठा केला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा त्याचे चाहते थोडे होते, पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. अमरावतीच्या थिएटरमध्ये मी तो दोन्ही वेळा पाहिला. पहिल्या वेळी माझ्या रांगेत मी एकटाच होतो. दुसऱ्या वेळी मागच्या रांगेतली मुले हस्तर या शापित देवाचा प्रसंग येण्याआधीच श्वास रोखून बसली होती. मला या दुसऱ्या वेळचाच अधिक आनंद झाला, कारण सहा वर्षे मी ज्याची शिफारस करत होतो, त्याला अखेर माणसे मिळाली होती.

कापूसकोंड्या (मूर्तिजापूर)

अंबानगरीभाऊ, तुमची व्याख्या शहरातल्या माणसाला लागू पडते, कारण त्याला चित्रपट निवडता येतो. आमच्याकडे जी कॅसेट आली ती आली. तिला नाकारण्याची सोयच नव्हती, त्यामुळे ती आवडून घ्यावी लागायची, आणि पाचव्यांदा पाहताना ती खरोखरच आवडू लागायची.

ज्वारीचे_कणीस (खामगाव)

एक नम्र सूचना करतो. 'पारायण' हा शब्द कृपया चित्रपटांसाठी वापरू नये. आमच्या घरी 'श्रीगजानन विजय' ग्रंथाच्या २१ अध्यायांचे पारायण होते, तेव्हा संकल्प असतो, नियम असतात आणि वाचणाऱ्याच्या मनात काही मागणे असते. चित्रपटाविषयी मला मुळीच आकस नाही. मी स्वतः दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' अनेकदा पाहिला आहे. पण दोन्हींना एकच शब्द लावला की एकाचे मोल कमी होते.

कापूसकोंड्या (मूर्तिजापूर)

काकाजी, आपले म्हणणे मान्य आहे. यापुढे मी तो शब्द वापरणार नाही. ताईंनी शीर्षकात लिहिलेला 'तोंडपाठ' हाच शब्द पुरेसा आहे.

वणीकर_पुण्यात

मी वणीचा असून नोकरीसाठी पुण्यात राहतो. अंबानगरींनी मांडलेल्या व्याख्येचे मूळ मला माहीत आहे म्हणून थोडे लिहितो. १९७५ चा 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा चित्रपट आधी पडला होता. १९७६ पासून न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि तिथे प्रेक्षक पडद्यावरच्या पात्रांना मोठ्याने उत्तरे देऊ लागले, पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले. २००३ च्या 'द रूम'ची गोष्ट याहून वेगळी आहे. तो अतिशय वाईट जमलेला चित्रपट आहे, पण त्याच्या खेळाला लोक प्लास्टिकचे चमचे घेऊन जातात आणि पडद्यावर चमच्याचे चित्र असलेली फ्रेम दिसली की ते उधळतात.

अशा फसलेल्या चित्रपटांवर बोलणारा 'हाउ डिड धिस गेट मेड?' नावाचा इंग्रजी पॉडकास्ट २०१० पासून चालू आहे. तीन विनोदी कलाकार एक चित्रपट पाहून येतात आणि तासभर त्याच्यावर बोलतात. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला फार ओळखीचे वाटले. रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर बाबा आणि दोन्ही काका कृष्णधवल टीव्हीसमोर बसून हेच करत असत. टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. नायक डोंगरावरून उडी मारायचा तेव्हा मोठे काका त्याच्या गुडघ्यांची काळजी करायचे, आणि आम्ही मुले चित्रपटाऐवजी काकांकडे पाहत बसायचो. मोठे काका आता नाहीत. तो पॉडकास्ट मी इंग्रजीत ऐकतो, पण त्यात मला आमची ओसरी ऐकू येते.

सातपुडा (चांदूर बाजार)

वणीकर, पडद्याला उत्तर देण्यासाठी न्यूयॉर्कला जायची गरज नाही. बहिरमच्या यात्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा, तिथे मी हे लहानपणी पाहिले आहे. तंबूत प्रोजेक्टर एकच असल्यामुळे दर रिळानंतर पडदा पांढरा व्हायचा. त्या पाच मिनिटांत आपल्या नुकसानीची भरपाई म्हणून लोक स्वतःच खेळ सुरू करायचे. कुणी खलनायकाचा आवाज काढायचा, कुणी पुढे काय होणार यावर पैज लावायचा. बाहेर हंडीत मटण शिजत असायचे आणि रोडगे भाजल्याचा वास तंबूत यायचा, तेव्हा भुकेल्या माणसांच्या बोलण्यात वेगळीच धार येत असे.

गोंडखैरी_वळण

ही पैज माझ्या आजोबांनीही एकदा जिंकली होती आणि त्या पैशांतून त्यांनी आजीला बांगड्या आणल्या होत्या.

रिळवाला (यवतमाळ)

मी ऑपरेटर म्हणून सव्वीस वर्षे वेगवेगळ्या टॉकीजमध्ये काम केले आहे, म्हणून मला या धाग्यावर लिहायलाच हवे.

विदर्भ चित्रपटाच्या व्यापारात आजही सी.पी. बेरार सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या त्या नावाच्या विभागात, येतो. आपण १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतो आणि त्याआधी तो प्रांत 'सी.पी. अँड बेरार' (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) म्हणून ओळखला जायचा, त्या काळाचे हे नाव टिकून राहिले आहे. पश्चिम महाराष्ट्र मुंबई सर्किटमध्ये येतो आणि आपले सर्किट वेगळे असल्यामुळे मराठी चित्रपट आपल्याकडे उशिरा यायचे, कधी यायचेच नाहीत, आणि हिंदी मात्र वेळेवर लागायचे. आपल्या पिढीला हिंदी विनोद अधिक पाठ का आहेत, याचे एक कारण हे आहे.

प्रिंट लोखंडी पेटीतून एसटीने यायची. सव्वादोन तासांच्या चित्रपटाची फिल्म सुमारे १२,००० फूट भरते, कारण मिनिटाला ९० फूट फिल्म यंत्रातून जाते. मोठ्या शहरात दोन-तीन महिने चालून मग ती प्रिंट जिल्ह्याला, तिथून तालुक्याला आणि शेवटी जत्रेच्या तंबूत जात असे. प्रत्येक ठिकाणी ती थोडी तुटायची. तुटली की आम्ही दोन्ही टोके खरवडून फिल्म सिमेंटने (फिल्म चिकटवण्याच्या द्रावाने) जोडायचो आणि त्या जोडात काही चौकटी कायमच्या जायच्या. सेकंदाला २४ चौकटी असतात. एकाच ठिकाणी चार वेळा तुटली की एखादा शब्द, एखादा ठोसा, एखादे हसू नाहीसे व्हायचे.

यातून एक गोष्ट घडायची. एका गावात एक विनोदी चित्रपट मी तीन वर्षांत चार वेळा लावला. त्यात नायकाचे एक वाक्य अर्धेच उरले होते. तिसऱ्या वेळेपासून ते वाक्य तुटले की सबंध बाल्कनी ते पुरे करायची. एकदा मालकांनी चांगली, नवी प्रिंट मागवली आणि पडद्यावरचे वाक्य पुरे झाले, तेव्हा प्रेक्षकांचा विरस झाला. मध्यंतरात दोन तरुण माझ्या केबिनपाशी येऊन मला विचारून गेले की जुनी प्रिंट कुठे गेली.

पऱ्हाटीताई, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, जिथे चित्रपटाला भोक पडते तिथे गाव शिरते. तुमच्या गावात वीज गेली म्हणून तो चित्रपट तुमचा झाला. पॉडकास्टला मध्यंतर नाही आणि तो कधी तुटतही नाही. जो तो दोन्ही कान बंद करून ऐकतो. तिथे शेजारच्याला शिरायला जागा कुठे आहे?

मोहफूल (देसाईगंज)

रिळवाल्या काकाजींचे शेवटचे वाक्य मी लिहून ठेवले आहे. आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) ही शिरायची जागा मुद्दाम ठेवलेली असते. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की आमच्याकडची नाटके उभी राहतात, ती रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. विनोदी नट प्रेक्षकांतल्या माणसाला हाक मारतो, गावातल्या ताज्या घटनेवर बोलतो आणि पुन्हा कथेत परततो. या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे स्वतःच्या घरातल्याला मिळाल्यासारखा आनंद झाला होता.

माझा तोंडपाठ चित्रपट मात्र हिंदी आहे. १९८३ चा 'जाने भी दो यारों' मी दूरदर्शनवर पाहिला तेव्हा शाळेत होतो. शेवटी महाभारताच्या नाटकात सगळे घुसतात आणि आयुक्ताचे प्रेत द्रौपदी म्हणून मंचावर उभे राहते, तो प्रसंग आमच्या घरात कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. मंचावर चुकीचा माणूस आला तरी नाटक थांबवायचे नाही, ही धडपड आमच्याकडच्या प्रत्येकाने जवळून पाहिलेली आहे. माझे वडील हौशी नट होते. त्या प्रसंगात त्यांनी दुर्योधनाचे काम करणाऱ्या नटाकडे बोट दाखवून सांगितले होते की, खरा अभिनय हा करतो आहे, कारण सगळे बिघडले असताना तो आपले भाषण सोडत नाही. चित्रपट संपतो तेव्हा निरपराध माणसेच शिक्षा भोगतात आणि हसणारा माणूस गप्प होतो. वडील त्यानंतर बराच वेळ बोलले नव्हते. ज्या विनोदी चित्रपटाच्या अखेरीस अशी शांतता पसरते तो आयुष्यभर सोबत राहतो, असे मला वाटते.

रानमेवा (दर्यापूर)

सगळे चित्रपटांवर बोलत आहेत, म्हणून मी मालिकांवर लिहिते. सह्याद्री वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली. त्याआधी आमच्या भागातल्या छोट्या प्रक्षेपकावरून बहुतेक दिल्लीचेच कार्यक्रम दिसायचे. त्यामुळे २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली तेव्हा मराठी घर, मराठी आजोबा आणि मराठी कुरबुरी पडद्यावर पाहण्याचे मला फार अप्रूप वाटले. दिलीप प्रभावळकरांचे आजोबा आणि आमचे आजोबा यांत काहीही साम्य नव्हते, कारण आमचे आजोबा बैलांशी अधिक आणि माणसांशी कमी बोलत. तरीही ती मालिका पाहताना ते शेजारी येऊन बसत आणि 'हा बुढा चांगला आहे' एवढे बोलून उठत.

आता मनातले थोडे बोलते. आपली वऱ्हाडी बोली टीव्हीवर बहुतेक वेळा हसे पिकवण्यासाठीच येते. न्यायाधीश, डॉक्टर किंवा प्रेयसी वऱ्हाडी बोलताना दिसत नाही. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलू लागले तेव्हा मला आनंदही झाला आणि धास्तीही वाटली. आनंद यासाठी की ते मूळचे अमरावती जिल्ह्याचे असून त्यांची बोली उसनी नाही. धास्ती यासाठी की पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीला मैत्रिणी 'तसे बोलून दाखव' म्हणू लागल्या.

सातपुडा (चांदूर बाजार)

रानमेवाताई, तुमचे दुःख मला समजते. पण मी मिर्झा रफी अहमद बेग यांचा 'मिर्झा एक्स्प्रेस' हा वऱ्हाडी हास्यकवितांचा कार्यक्रम समोर बसून ऐकला आहे. तिथे हसणारे आणि ज्यांच्यावर हसायचे ते, दोघेही वऱ्हाडीच होते. कापसाचा भाव, उधारी, आटलेली विहीर यांवर माणसे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती आणि त्यातले काही पाणी हसण्याचे नव्हते. बोलीवर हसणे आणि बोलीत हसणे यांत अंतर आहे. ते अंतर कार्यक्रम कोण करतो यावर ठरते.

संत्रा_बर्फी

'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे वऱ्हाडीतले सर्वांत गाजलेले विनोदी काम आहे, त्याचा उल्लेख कुणी कसा केला नाही?

रानमेवा (दर्यापूर)

संत्रा_बर्फी, हा गैरसमज आपल्याकडेही अनेकांचा आहे. त्या शीर्षकातले 'वऱ्हाड' म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी. लक्ष्मण देशपांडे मराठवाड्याचे होते, त्या एकपात्री प्रयोगातली बोलीही मराठवाड्याची आहे आणि त्यातली बावन्न पात्रे ते एकटे उभी करत. मी त्याची कॅसेट कितीदा तरी ऐकली आहे. खरे तर त्या कॅसेटमुळेच मला रिळवाल्या काकांचे मत पटत नाही. केवळ आवाजाचा विनोद आम्ही सगळे घर मिळून ऐकत होतो. त्याआधीची माणसे मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजींविषयी असेच सांगतात. पॉडकास्ट त्याच वाटेने आलेला आहे.

जागल (हिंगणघाट)

मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे वय चोवीस आहे आणि मी शेती करतो. व्हीसीआरचा काळ मी पाहिलेला नाही, त्यामुळे मोठ्यांच्या आठवणी वाचताना हेवा वाटला. रिळवाल्या काकाजींचा मान राखून मला दुसरी बाजू सांगावीशी वाटते.

आमच्या फिडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळते. डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायला मी रात्री अकराला शेतात जातो आणि पहाटे परततो. ओलित नसेल तेव्हा रानडुकरे आणि रोही यांच्यासाठी माचीवर बसून जागल करावी लागते. तिथे शेजारी कुणीच नसते. घरच्यांना फोन करावा तर ते झोपलेले असतात. थंडीत झोप अनावर होते आणि पाण्याच्या सरीत पाय ठेवताना साप-विंचवाचे भय असते. अशा वेळी मी एका कानात पॉडकास्ट लावतो. दुसरा कान रानासाठी मोकळा ठेवावा लागतो. गावात रेंज असते, शेतात नसते, म्हणून भाग संध्याकाळीच उतरवून ठेवतो.

दोन मित्र बोलत असतात, एकमेकांना चिडवत असतात, एखादा विनोद फसला तर त्यावर अधिक हसतात. त्यांना मी ठाऊक नाही, पण त्यांच्यातला एक जण हसण्याआधी श्वास कसा आत ओढतो हे मला ठाऊक आहे. काही भाग मी दहा-बारा वेळा ऐकले आहेत. नवा भाग असला तरी पहाटे तीनच्या सुमारास मी जुनाच लावतो, कारण त्या वेळी नवे काही नको असते, ओळखीचे कुणीतरी हवे असते. मागच्या वर्षी बांधापलीकडच्या शेतातल्या माझ्या मित्राने अंधारातून मोठ्याने एक वाक्य म्हटले आणि मी त्याचे पुढचे वाक्य म्हणालो. आम्ही दोघे वेगवेगळ्या माचींवर एकच पॉडकास्ट ऐकत होतो आणि हे एकमेकांना माहीतच नव्हते. आता आम्ही ठरवून एकाच वेळी एकच भाग सुरू करतो. एक जण हसला की दुसऱ्याला कळते की तो जागा आहे.

रिळवाला (यवतमाळ)

बेटा, तुझे लिहिणे मी दोनदा वाचले. माझे मत मी मागे घेतो. दोन माचींच्या मधले रान हीच ती शिरायची जागा आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. दुसरा कान मोकळा ठेवतोस हे फार चांगले करतोस.

अंबानगरी (अमरावती)

मीही व्याख्येचा हट्ट सोडतो. कमाई आणि अपयश यांवरून मी मोजत होतो. जागल म्हणतो तसे, पहाटे तीनला नवे सोडून जुने लावावेसे वाटते, ही कसोटी मला अधिक खरी वाटते.

मोहफूल (देसाईगंज)

पऱ्हाटीताई, गाठीचा शेवट सांगणारे काकाजी आहेत का हो अजून? असतील तर त्यांना आमचा नमस्कार सांगा. त्यांनी तो शेवट का बदलला, हे विचारावेसे वाटते.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

मोहफूलभाऊ, काकाजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना नीट दिसते, ऐकू थोडे कमी येते. काल संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसून हा सगळा धागा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. जागलचे लिहिणे त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

मग मी तुमचा प्रश्न विचारला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे सांगितले ते तीस वर्षांत त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. त्यांनी तो चित्रपट तेव्हा पाहिलेलाच नव्हता आणि आजवर पाहिलेला नाही. यवतमाळच्या एका टॉकीजबाहेर त्यांनी फक्त पोस्टर पाहिले होते. त्या रात्री वीज गेल्यावर मांडवातली लहान मुले रडू लागली होती आणि घरी जायला तयार नव्हती, कारण बाहुला अजून जिवंत होता. काकाजी म्हणाले, "पोरं भेली होती. तो मेल्याबिगर ती झोपलीच नसती. मले मशिनीशिवाय दुसरं काय मालूम होतं, मंग मी त्याले मशिनीत टाकला." गाठ मुंबईला का पाठवली, असे विचारल्यावर ते म्हणाले की, ती गावातच राहिली असती तर पोरे दुसऱ्या दिवशीही भ्याली असती.

मला त्या रात्री लगेच झोप लागली होती, हे मला चांगले आठवते.

आम्ही एक गोष्ट ठरवली आहे. कार्तिक पौर्णिमेनंतरच्या शनिवारी रात्री आठ वाजता समाजमंदिराच्या भिंतीवर 'झपाटलेला' दाखवायचा. शाळेचा प्रोजेक्टर मिळणार आहे. १९९५ मध्ये वीज गेली होती तिथे चित्रपट थांबवू, काकाजी आपला शेवट सांगतील, आणि मग उरलेला भाग लावू, जो ते आयुष्यात पहिल्यांदा पाहतील. वेचणीच्या बायांनी त्याआधी अर्धा तास मागून घेतला आहे. त्यांना पंगतीचा तो पॉडकास्ट कर्ण्यावर सगळ्या गावाला ऐकवायचा आहे.

जागल (हिंगणघाट)

ताई, त्या रात्री आमच्या फिडरला दिवसाची वीज आहे. मी आणि माझा मित्र मोटारसायकलने येतो.

रिळवाला (यवतमाळ)

प्रोजेक्टर भिंतीपासून किती अंतरावर ठेवायचा ते मी येऊन पाहतो. भिंतीला आदल्या दिवशी चुना मारून घ्या, निळीचे प्रमाण कमी ठेवा.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

काकाजी, चुन्याचे उद्याच सांगते. येणाऱ्यांनी आपापली सतरंजी आणि पांघरूण आणावे, रात्री गारठा वाढतो. जेवणाची सोय आमच्याकडे आहे.